खरखर कारखान्याची, कल्ला आमचा

रेकॉर्ड चांगली की वाईट हे ठरवायचा मक्ता काही ठरावीक लोकांनी घेऊन ठेवलाय. त्यांच्या घरात आमच्या खोलीच्या किमतीचा ॲम्प्लिफायर असतो, पाठीला लोड असतो आणि तोंडात एकच शब्द असतो : शांतता. सुई टेकली, खट् झालं नाही, मागं कुणी खोकलं नाही, की यांची मान डोलते. गाणारा कोण, कुणासाठी गातोय, समोर कोण बसलंय, याची चौकशी नाही. गाणं जिवंत माणसांत झालं असेल तर ती माणसं यांना खुपतात. टाळी खुपते, शिट्टी खुपते, पोराचं रडणं खुपतं. हे लोक गाण्याला सुद्धा सोवळं नेसवतात.

मी गोदीत माल उतरवणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. गाव गडमुडशिंगी, कोल्हापूरच्या विमानतळाच्या बगलेला. कविता लिहितो आणि जुन्या-नव्या रेकॉर्डी ऐकतो. तुला रे काय कळतंय आवाजातलं, असं कुणी विचारलं तर सांगतो. आठ तास मी लोखंडाच्या आवाजात उभा असतो. क्रेनच्या साखळीचा आवाज बदलला की मान वर न करता बाजूला उडी मारतो. आवाज ओळखता आला नाही तर तुमची संध्याकाळ बिघडते, माझी मान मोडते. नव्या एल.पी.ला दोन-तीन हजार मोजायचे म्हणजे मला कितीतरी पाळ्या ओझी उचलावी लागतात. म्हणून रेकॉर्ड तपासून घ्यायचा हक्क तुमच्यापेक्षा माझा दोन बोटं जास्तच आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या पोरांनी वर्गणी काढून जलशाची एल.पी. काढायचं ठरवलंय. वस्तीतच, लोकांसमोर. हलगी, ढोलकी, पेटी, टाळ आणि गळा. वीज लागणारं वाद्य एकही नाही. झकास गोष्ट आहे. दशकांच्या खंडानंतर मुंबईत पुन्हा रेकॉर्डी दाबायला लागल्यात, तेव्हा हे काम आता फार लांबचं राहिलेलं नाही. पण बैठकीत दोन तट पडले. एक तट म्हणतो, रेकॉर्डिंग झालं की कॉम्प्युटरवर टाकून पब्लिकचा सगळा आवाज धुऊन काढू, 'क्लीन' करू, म्हणजे बाहेरचे लोक पण ऐकतील. दुसरा तट म्हणतो, आपल्याला कशाला पाहिजे क्वालिटी? भावना पोचली की बस. थोडी खरखर झाली तर काय बिघडतंय, आपली माणसं समजून घेतात.

माझं म्हणणं, दोन्ही तट साफ चुकलेत. पहिल्याला स्वतःच्या माणसांची लाज वाटते. दुसऱ्याला स्वतःच्या माणसांची किंमत नाही. आणि दोघांनाही दोन आवाजांतला फरक कळलेला नाही. रेकॉर्डवर जो नको असलेला आवाज म्हणून ओळखला जातो, तो दोन जातींचा असतो. एक कारखान्याच्या हलगर्जीचा. दुसरा माणसांच्या हजेरीचा. पहिला आपण एक कणभर सहन करायचा नाही. दुसरा एक कणभर पुसू द्यायचा नाही. एवढंच सांगायला हा लेख लिहितोय.

आधी ही वस्तू काय आहे ते बघा. १९०२ साल. २६ जुलैला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखण्याचा हुकूम काढला. त्याच साली नोव्हेंबरात तिकडं कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग भोंगा मांडून बसला आणि गौहर जानचा आवाज मेणात उतरला. त्या भोंग्यापुढं बसायला घरंदाज बायका तयार नव्हत्या. बसल्या त्या कोठ्यावरच्या. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगायची. लोक त्याला नखरा समजतात. नखरा नव्हे. मेणाचा मूळ ठसा बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायचा आणि कुठल्या तबकडीला कुठलं लेबल चिकटवायचं हे तिथल्या माणसाला समजावं म्हणून ते नाव. दाबलेल्या तबकड्या पेटीत बसून बोटीनं परत यायच्या. म्हणजे हिंदुस्थानी गाण्याच्या रेकॉर्डी या देशात उतरल्या त्या गोदी कामगाराच्या पाठीवरून. १९०८ साली कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला, पुढं तो डमडमला गेला. त्यानंतर कुठं दाबायचं काम इथल्या हाताला मिळालं.

आणि ती जुनी ७८ची तबकडी कशाची? लाखेची. छोटा नागपूरच्या रानात पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडा लाख धरतो आणि आदिवासी ती फांदीवरून खरवडून काढतो. त्या लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळायची, तापवायची, दाबायची. ७८ ऐकताना पावसासारखी जी खरखर येते तिच्यात त्या दगडाच्या पुडीचा मोठा वाटा. पुढं १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची एल.पी. आली, मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर फिरणारी. दगडाची पूड गेली, आवाज निवळला. पण हे प्लास्टिक ज्या वायूपासून बनतं त्या वायूनं कामगारांच्या लिव्हरला कॅन्सर होतो, हे १९७४ साली अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या एका प्लास्टिक कारखान्यातून उघडकीला आलं. तेव्हा 'शुद्ध आवाज', 'निर्मळ आवाज' असं कुणी बोलायला लागला की मला हसू येतं. ज्या वस्तूला एवढ्या हातांचा घाम लागलाय ती सोवळ्यातली कशी?

आता वेळेचं बघा. ७८च्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्या मापात गाणं कापावं लागायचं. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर बसून आभाळात गेली, ती पण साडेतीन मिनिटांचीच. केसरबाई साडेतीन मिनिटांत राग उभा करू शकल्या. पण रात्रभर चालणारा आंबेडकरी जलसा साडेतीन मिनिटांत कसा बसावा? त्यात गाण असतं, बतावणी असते, मध्येच म्हातारा उठून प्रश्न विचारतो, शाहीर त्याला उत्तर देतो, बाया हसतात. ते सगळं कापलं की हातात उरतं एक सुटं गाणं. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून हजारो गाणी रचली नि गायली. ती समोर बसलेल्या माणसांकडं बघत गायली. समोरची माणसं काढून टाकली की अर्धे वामनदादा गेले.

लोकांसमोर गायलेलं लोकांसकट धरून ठेवलं तर काय होतं, याचा एक दाखला आपल्या घरातला आहे. तबकडीचा नव्हे, सिनेमाचा. आनंद पटवर्धन यांच्या १९८५च्या 'हमारा शहर'मध्ये विलास घोगरे गातात. स्टुडिओ नाही, पडदे नाहीत. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी घोगऱ्यांनी स्वतःला संपवलं. आज ते गाणं ऐकताना भोवतालचा आवाज पुसून टाकून बघा. गळा राहील, शहर जाईल. मग ते गाणं कुणाविरुद्ध होतं हे पोरांना सांगायला वेगळा मास्तर ठेवावा लागेल.

साता समुद्रापलीकडचं बघा. जेम्स ब्राऊन, काळा गायक. १९६२च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरात त्यानं कार्यक्रम केला. त्याची रेकॉर्ड काढायला कंपनीचा मालक तयार नव्हता. जुनीच गाणी, वर पब्लिकचा गोंधळ, कोण घेणार? ब्राऊननं स्वतःचे पैसे घातले. १९६३ला रेकॉर्ड आली आणि ६६ आठवडे यादीत ठाण मांडून बसली. काळ्या माणसांनी ती विकत घेतली कारण तिच्यात ते स्वतः होते. त्यांचं किंचाळणं होतं, त्यांचं 'हो' म्हणणं होतं.

उलटा दाखला पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गर्दी दिसली की खूश. जॉनी कॅशनं जानेवारी १९६८ मध्ये फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गाणी म्हटली, त्याची रेकॉर्ड गाजली. तिच्यात एका खुनाच्या ओळीवर कैदी आरोळी ठोकतात. ती आरोळी त्या जागी नव्हतीच. पहारेकरी उभे असताना कैदी असल्या ओळीवर कशाला ओरडतील? आरोळी मागाहून टेपवर जोडली. ज्यांना कैद्यांची भीती विकत घ्यायची होती त्यांना ती विकली. तेव्हा गर्दी पुसणं हा जसा खोटेपणा, तसा गर्दी चिकटवणं हाही खोटेपणाच. आपल्या रेकॉर्डवर एक टाळी कमी नको आणि एक जास्त पण नको.

आता कारखान्याकडं वळू. दुसऱ्या तटातल्या दोस्तांनो, 'थोडी खरखर चालते' म्हणणाऱ्यांनो, तुमच्यासाठी हे. महाडला १९२७ साली आपली माणसं गेली ती डबक्यातलं पाणी प्यायला नव्हे. तळं सगळ्यांचं होतं, त्या तळ्याचंच पाणी पाहिजे म्हणून गेली. बाबासाहेबांनी सूट घातला तो फाटका चालतो म्हणून नव्हे. मग आपल्या गाण्याला हलका माल का चालावा? गरिबाला खरखर चालते हे वाक्य गरिबानं कधीच म्हटलेलं नाही.

रेकॉर्ड बनते कशी? गाणं आधी लॅकरच्या मऊ तबकडीत चर पाडून कोरतात. तिच्यावर चांदी नि निकेलचा थर चढवून धातूचे ठसे काढतात. दोन ठशांच्या मध्ये प्लास्टिकचा गरम गोळा ठेवायचा, वर लेबलं, वाफेनं तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचा, पाण्यानं थंड करायचा, कडेचं वाढीव प्लास्टिक कापायचं. एका रेकॉर्डला साधारण अर्धा मिनिट. मालकाला घाई असली की हे अर्धं मिनिट पण जड जातं. मग दोष येतात. ते कसे ओळखायचे, तर असे.

सगळ्यात सोपी परीक्षा घड्याळाची. एल.पी.चा एक फेरा १.८ सेकंदाचा. जो आवाज दर १.८ सेकंदाला न चुकता येतो, खट्... खट्... खट्..., तो रेकॉर्डचा दोष. ओरखडा किंवा प्लास्टिकातला फोड. जो आवाज वाटेल तेव्हा येतो आणि वाटेल तेव्हा जातो तो माणसाचा. माणूस १.८ सेकंदाच्या हिशोबानं खोकत नाही. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं. ७८च्या तबकडीला हाच फेरा पाऊण सेकंदाच्या जरा वर.

दुसरी परीक्षा लांब सुराची. पेटीचा एकच सूर धरलेला असेल किंवा शाहिरानं लांब तान ओढली असेल तिथं कान द्या. सूर दर फेऱ्याला वर-खाली डुलतोय? मग भोक मधोमध पडलेलं नाही. शाहिराला बेसूर ठरवण्याआधी भोक तपासा. आपल्या किती गायकांवर असल्या भोकांचं पाप बसलं असेल कुणास ठाऊक.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. बल्बखाली रेकॉर्ड तिरकी धरा. चरात कुठं फिकट, खरबरीत डाग दिसला आणि वाजवताना तिथं कापड फाडल्यासारखा चर्रर्र आवाज आला तर समजा, प्लास्टिक ठशाच्या तळापर्यंत पोचलंच नाही. उष्णता कमी पडली किंवा दाब कमी पडला. सपाट काचेवर ठेवा. वाकलेली असेल तर नीट थंड व्हायच्या आधी उपसलीय किंवा गरम असतानाच पिशवीत कोंबलीय. आणि हो, १८० ग्रॅम वजनाची म्हणजे भारी, या भंकसला भुलू नका. जाड माणूस चांगला गातो असं कुठं असतं? वजन प्लास्टिकचं, आवाज चराचा.

चौथी परीक्षा शेवटच्या गाण्याची, आणि आपल्या रेकॉर्डला ही सगळ्यात महत्त्वाची. बारा इंची एल.पी.च्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर चर सरकतो. आत लेबलाजवळ तोच २० सेंटिमीटरच्या आसपास येतो. तेवढ्याच आवाजाला जागा निम्म्याहून कमी. म्हणून आतल्या गाण्यात 'स', 'श' फाटतात, टाळ चरचरतो. आता जलशाचा स्वभाव बघा. तो चढत जातो. हलगी शेवटी पेटते, गर्दी शेवटी उठते. म्हणजे आपला सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डच्या सगळ्यात अरुंद जागेत येऊन पडतो. यावर उपाय एकच, एका बाजूला वीस मिनिटांच्या वर कोंबू नका. जास्त मिनिटं घातली की चर जवळजवळ पाडावे लागतात, आवाज दबका कोरावा लागतो आणि दबक्या आवाजावर खरखर स्वार होते. चार गाणी कमी घ्या, पण शेवटची हलगी फाटू देऊ नका.

पाचवी परीक्षा हलगीचीच. हलगीचा ठोका म्हणजे आवाज नव्हे, चटका. बारीक काडीचा तडाका आणि जाड काडीचा घुमारा वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. दोन्ही मिळून पत्र्याचा डबा वाजल्यासारखं झालं तर माइक, कोरणी की ठसा, कुठंतरी गडबड आहे. भोंग्याच्या काळात मोठी तालवाद्यं कोरताना चर बिघडायचा म्हणून ती मागं ठेवायचे किंवा गाळायचे. आज ती सबब चालणार नाही. दोन गाण्यांच्या मध्ये वाजवणारा हलगी जाळावर शेकतो, कातडं ताणून घेतो, बोटानं टण् करून बघतो. ते टण् मला रेकॉर्डवर पाहिजे. १९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी कार्यक्रम झाला. रविशंकर वाद्यं जुळवत होते, त्यालाच गाणं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती गंमत तीन तबकड्यांच्या संचात जशीच्या तशी ठेवली. सतारीचं जुळवणं चालतं, मग हलगीचं शेकणं का चालू नये?

पण न्यायानं वागायचं तर न्याय दोन्हीकडं. दोष रेकॉर्डच्या माथी मारण्याआधी आपली सुई बघा. झिजलेली सुई चांगल्या चराची वाट लावते. खालून सारखी घरघर येत असेल तर ती आपल्या मशीनची असू शकते. दुसरी प्रत आणा. त्याच जागी तोच आवाज आला तर ठशात किंवा मूळ टेपात दोष. नाही आला तर फक्त त्या प्रतीत. पुरावा हातात घेऊन भांडायचं. वकिलाचं शिक्षण नसलं तरी हे जमतं.

आता माझी मागणी. बैठकीत मांडणार आहेच, इथं छापून ठेवतो म्हणजे मागाहून कुणी नाही म्हणायला नको.

एक. रेकॉर्डिंगच्या दिवशी दोन माइक फक्त लोकांसाठी लावा, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. गर्दी चुकून नव्हे, ठरवून रेकॉर्ड झाली पाहिजे.

दोन. कॉम्प्युटरवर काही धुवायचंच असेल तर तारेची घूं आणि माइकला लागलेला धक्का धुवा. माणसाला हात लावायचा नाही.

तीन. सगळ्यात मोठं. कारखाना सगळा माल काढण्याआधी नमुन्याच्या चार-दोन प्रती पाठवतो. त्या ऐकून तुम्ही होकार दिला की पुढची छपाई. प्रश्न असा की हा होकार कोण देणार? पहिला तट म्हणतोय, एखाद्या जाणकाराकडं पाठवू, त्याच्याकडं मशीन भारी आहे. मशीन आणा त्याचं, भाड्यानं आणा. पण ते वस्तीत आणा. समाजमंदिरात मांडा. जी बाई गायली तिला पुढं बसवा. ज्यानं हलगी वाजवली त्याला बसवा. जो म्हातारा मध्येच उठून बोलला त्याला बसवा. १.८ सेकंदाचा हिशोब त्यांना सांगा, एका मिनिटात समजतो. मग त्यांना विचारा : हा तुमचा आवाज आहे का? ही तुमची हलगी आहे का? तुमच्या बाजूला बसलेली माणसं ऐकू येतायत का?

हो म्हणाले तर सही करा. नाही म्हणाले तर माल परत. पैसे आपल्या घामाचे आहेत, आणि गाणं पण.